पाचव्या ड्वॉर्फची घाई: ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ कार्ड गेमसाठी ड्वॉर्फ डेक

थीमचा डेक (म्हणजे एका कल्पनेभोवती निवडलेल्या पानांचा गठ्ठा) म्हटलं की पुष्कळांचा समज असा, की हौस भागवायची तर थोडी ताकद सोडावी लागणार. या गेममध्ये काही थीमच्या बाबतीत तो समज खराही ठरतो. ड्वॉर्फांच्या बाबतीत अजिबात नाही. इथे ‘ड्वॉर्फ’ हा शब्द कार्डावर शोभेसाठी छापलेला नसतो, सगळं यंत्र त्या शब्दावर चालतं. ज्या क्षणी तुमच्या ताब्यात पाच ड्वॉर्फ होतात, त्या क्षणी डेकचा वेग बदलतो. त्यामुळे डेक बांधताना प्रत्येक कार्डाला दोनच प्रश्न विचारायचे: हे पान पाचवा ड्वॉर्फ लवकर आणतं का? की पाच झाल्यावर त्याचा फायदा उकळतं? दोन्हींना उत्तर ‘नाही’ असेल, तर ते पान कितीही देखणं असो, बाहेर.

आधी खेळाची तोंडओळख, नव्यांसाठी. फँटसी फ्लाइट गेम्सने हा गेम २०११ साली आणला, रचनाकार नेट फ्रेंच. २०२२ मध्ये कोअर सेटची, म्हणजे मूळ खोक्याची, सुधारित आवृत्ती आली. ती एक ते चार जणांसाठी आहे आणि तिच्यात खेळाडूंच्या प्रत्येक कार्डाच्या तीन प्रती मिळतात. खेळाडू एकमेकांविरुद्ध नसतात, सगळे मिळून एन्काउंटर डेकशी, म्हणजे शत्रू आणि संकटांच्या पानांशी, लढतात. प्रत्येकाने एक ते तीन हिरो घ्यायचे, डेक किमान ५० पानांचा, एका नावाच्या जास्तीत जास्त तीन प्रती. कार्डांचे चार गट, म्हणजे स्फिअर: लीडरशिप, टॅक्टिक्स, स्पिरिट आणि लोअर. ज्या स्फिअरचं पान, त्याच स्फिअरच्या हिरोच्या रिसोर्समधून, म्हणजे खेळातल्या चलनातून, त्याची किंमत चुकवायची. निवडलेल्या हिरोंच्या थ्रेटची (धोक्याच्या आकड्याची) बेरीज हा तुमचा सुरुवातीचा थ्रेट. तो दर फेरीला एकाने वाढतो, आणि ५० झाला की तुम्ही बाद.

हिरो निवडताना

माझी निवड: डाइन आयर्नफूट (लीडरशिप, थ्रेट ११), नोरी (स्पिरिट, ९) आणि ओरी (लोअर, ८). बेरीज २८.

डाइन उभा, म्हणजे रेडी, असेपर्यंत टेबलावरच्या सगळ्या ड्वॉर्फांना एक विलपॉवर (क्वेस्टला, म्हणजे मोहिमेला लागणारं बळ) आणि एक अटॅक जास्त मिळतो. पाच ड्वॉर्फ असतील तर ओरी रिसोर्स फेजच्या, म्हणजे फेरीतल्या पहिल्या टप्प्याच्या, सुरुवातीला एक पान जादा देतो. नोरी असल्याने हातातून ड्वॉर्फ खेळल्यावर थ्रेट एकाने उतरतो. एकाने बळ वाढवायचं, दुसऱ्याने पानं पुरवायची, तिसऱ्याने घड्याळ मागे ढकलायचं.

इथे अनेक जण नोरीच्या जागी थोरिन ओकनशील्ड घेतात. थोरिन पाच ड्वॉर्फ झाल्यावर एक रिसोर्स जास्त मिळवून देतो, शिवाय डेक दोनच स्फिअरचा राहतो, त्यामुळे पानं अडकत नाहीत. वेगाच्या दृष्टीने तो डेक सरस आहे हे मान्य. तरी मी नोरी घेतो, कारण एकट्याने खेळताना हरण्याचं खरं कारण बहुतेक वेळा थ्रेट असतं, आणि स्पिरिट हाताशी असेल तर एन्काउंटर पानाचा वार रद्द करणारी ‘अ टेस्ट ऑफ विल’ सहज मिळते. ज्यांना चौघांच्या टेबलावर खेळायचं आहे आणि दुसऱ्या कुणाकडे स्पिरिट आहे, त्यांनी खुशाल थोरिन घ्यावा.

पन्नास पानं

अलाय (सोबती) २३: फिली ३, किली २, एरेबोर हॅमरस्मिथ ३, मायनर ऑफ द आयर्न हिल्स २, झिगिल मायनर ३, एरेबोर रेकॉर्ड कीपर ३, लाँगबिअर्ड ऑर्क स्लेअर २, बोफुर २, गँडाल्फ ३.

अटॅचमेंट (हिरोवर लावायची पानं) १५: स्ट्युअर्ड ऑफ गोंडोर ३, नार्वीज बेल्ट २, किंग अंडर द माउंटन २, लेगसी ऑफ ड्युरिन २, हार्डी लीडरशिप २, क्रॅम २, अनएक्स्पेक्टेड करेज २.

इव्हेंट (एकदा वापरून टाकायची पानं) १२: अ टेस्ट ऑफ विल ३, स्नीक अटॅक ३, डेरॉन्स रून्स ३, अ व्हेरी गुड टेल २, ल्युअर ऑफ मोरिया १.

ही पानं एका खोक्यात मिळत नाहीत. कोअर सेट, खझाद-डूम, ओव्हर हिल अँड अंडर हिल, ऑन द डोअरस्टेप आणि काही छोटे पॅक अशी ती विखुरलेली आहेत. २०२२ मध्ये ‘ड्वॉर्व्ह्ज ऑफ ड्युरिन’ नावाचा तयार डेक निघाला, नव्याने सुरुवात करणाऱ्याने तो आधी घ्यावा आणि मग भर घालावी. नुसता कोअर सेट असेल तर ड्वॉर्फ डेकचा हट्ट धरू नका. त्यात ग्लोइन, गिम्ली, थालिन असे हिरो आहेत, पण क्वेस्टला लागणारी विलपॉवर त्यांच्याकडे तोकडी पडते आणि स्वस्त ड्वॉर्फ अलाय मोजकेच आहेत.

आता यादीतली काही पानं का आहेत ते.

फिली आणि किली हे या डेकचं सगळ्यात मोठं सवलतीचं दुकान. फिली हातातून खेळला की डेकमधून किली शोधून थेट खाली ठेवता येतो, आणि उलटही. तीन रिसोर्समध्ये दोन ड्वॉर्फ. फिलीच्या तीन प्रती ठेवल्या त्या तो लीडरशिपचा आहे म्हणून, कारण रिसोर्सचा ओघ डाइनकडे असतो. मात्र आयता आलेला भाऊ हातातून ‘खेळलेला’ नसतो, तो ‘खाली ठेवलेला’ असतो. म्हणून त्याच्यासाठी नोरी थ्रेट उतरवत नाही आणि लेगसी ऑफ ड्युरिनही पान देत नाही. हा नियम सोयीस्करपणे विसरणारे खेळाडू बरेच भेटतात.

स्ट्युअर्ड आणि बेल्ट दोन्ही डाइनवर. स्ट्युअर्ड स्वतः आडवा होऊन (म्हणजे त्या फेरीपुरता वापरला जाऊन) दोन रिसोर्स देतो, डाइनला आडवं व्हावं लागत नाही. बेल्टमुळे तेच रिसोर्स त्या फेजपुरते स्पिरिट किंवा लोअरच्या पानांसाठी वापरता येतात. तीन स्फिअरच्या डेकमधली अडचण या जोडीने जवळपास संपते.

झिगिल मायनर हे गणिताचं पान. त्याला आडवा करून एक आकडा सांगायचा, डेकची वरची दोन पानं टाकायची, आणि त्या किमतीच्या प्रत्येक पानामागे एका हिरोला एक रिसोर्स घ्यायचा. वरच्या यादीत किंमत २ असलेली पानं १९ आहेत, किंमत १ ची ११, बाकी प्रत्येक किमतीची त्याहून कमी. म्हणजे आकडा ‘दोन’, डोळे झाकून. यादीत बदल केलात तर ही मोजणी पुन्हा करा. टाकलेल्या पानांत एखादी कामाची अटॅचमेंट गेली तर हळहळू नका, डिस्कार्डमधली सगळ्यात वरची अटॅचमेंट हॅमरस्मिथ हातात परत आणतो. तिच्यावर दुसरी अटॅचमेंट पडायच्या आत त्याला खेळायचं, एवढंच भान ठेवायचं.

रेकॉर्ड कीपरला कुणी भाव देत नाही. किंमत एक, लोअर. तो आडवा झाला आणि एक लोअर रिसोर्स दिला, की दुसरा एखादा ड्वॉर्फ उभा होतो. पण मी त्याला घेतो ते निव्वळ डोकी मोजायला. पहिल्या फेरीत पूर्ण किंमत देऊन खेळता येणारा या यादीतला तोच एक ड्वॉर्फ आहे.

हार्डी लीडरशिपने प्रत्येक ड्वॉर्फाचा एक हिट पॉइंट वाढतो. त्याचं महत्त्व पुढे ‘नेक्रोमॅन्सर्स रीच’पाशी कळेल.

डाइन आडवा करायचा नाही

हा डेक खेळणारे नवे खेळाडू अडखळतात ते इथेच. डाइनचा डिफेन्स ३, हिट पॉइंट ५. शत्रू अंगावर आला की हात आपोआप डाइनकडे जातो, आणि तो एकदा आडवा झाला की सगळ्यांचा जादा अटॅक गेला. डाइन हा पंगतीत वाढणारा यजमान आहे, तोच पानावर बसला की वाढप थांबलं.

फेरीतल्या फेजांचा क्रम लक्षात घेतला तर मार्ग सापडतो. आधी रिसोर्स आणि प्लॅनिंग, मग क्वेस्ट, ट्रॅव्हल, एन्काउंटर, कॉम्बॅट आणि शेवटी रिफ्रेश. क्वेस्टच्या वेळी डाइन कधीच पाठवायचा नाही, म्हणजे विलपॉवरचा फायदा शाबूत राहतो. कॉम्बॅटमध्ये आधी सगळ्या शत्रूंचे हल्ले होतात आणि नंतर आपले. म्हणजे डाइनने हल्ला अडवला तर फटका बसतो तो आपल्या हल्ल्याला. त्या दोहोंच्या मध्ये त्याला पुन्हा उभं करता आलं तर काम झालं. क्रॅम (फुकट, पण एकदाच) आणि अनएक्स्पेक्टेड करेज (दर फेरीला) ही दोन्ही पानं म्हणूनच डाइनवर लावायची, दुसऱ्या कुणावर नाही. आणि डाइनने स्वतः हल्ला करू नये. हल्ल्यासाठी तो आडवा होतो आणि सोबतच्या सगळ्यांचा एकेक अटॅक घालवतो. दोन ड्वॉर्फ सोबत असले तर हिशेब बरोबरीत सुटतो, तीन झाले की तोट्याचा होतो.

हात कसा निवडायचा

सुरुवातीला सहा पानं, आणि ती आवडली नाहीत तर सगळी परत टाकून एकदाच नवी सहा. स्ट्युअर्डच्या तीन प्रतींमधली एखादी पहिल्या सहांत असण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के. फक्त त्याच्यासाठी हात बदलायचा ठरवलं तर ती ५४ टक्क्यांवर जाते. दोन किंवा कमी किमतीचे ड्वॉर्फ मात्र ११ आहेत, त्यांतला एखादा पहिल्या हातात असण्याची शक्यता ७९ टक्के. माझा नियम साधा: हातात स्वस्त ड्वॉर्फ दोन असतील तर स्ट्युअर्ड नसला तरी हात ठेवायचा. एकही नसेल तर स्ट्युअर्ड असूनही बदलायचा. गँडाल्फ, ऑर्क स्लेअर आणि इव्हेंट असा भारदस्त दिसणारा हात पहिल्या दोन फेऱ्या नुसता बसून राहतो.

पहिल्या तीन फेऱ्या, पान उघडून

समजा कोअर सेटमधला दुसरा, अँडुइन नदीकाठचा डाव, ‘जर्नी अलाँग द अँडुइन’, एकट्याने खेळताय. सुरुवातीलाच समोर हिल ट्रोल: अटॅक ६, डिफेन्स ३, हिट पॉइंट ९, एंगेजमेंट कॉस्ट ३०. म्हणजे तुमचा थ्रेट ३० ला टेकला की तो अंगावर येणार. आपण २८ वर आहोत. काहीच केलं नाही तर तिसऱ्या फेरीत गाठ पडते.

हातात रेकॉर्ड कीपर, झिगिल मायनर, हॅमरस्मिथ, फिली, स्ट्युअर्ड आणि टेस्ट ऑफ विल आहे, वरून बेल्ट आला असं धरू.

पहिली फेरी. प्रत्येक हिरोकडे एकेक रिसोर्स. वेगवेगळ्या स्फिअरचे असल्याने ते एकत्र करता येत नाहीत, त्यामुळे दोन किमतीचं काहीच खेळता येत नाही. ओरीच्या रिसोर्सवर रेकॉर्ड कीपर. थ्रेट २७. क्वेस्टला नोरी आणि ओरी. दोघांची मूळ विलपॉवर दोन-दोन, डाइनमुळे तीन-तीन, एकूण सहा. फेरीअखेर थ्रेट २८.

दुसरी फेरी. डाइनचे दोन रिसोर्स देऊन स्ट्युअर्ड. तो लगेच वापरून आणखी दोन, त्यांतून बेल्ट. नोरीच्या दोघांत झिगिल मायनर. थ्रेट २७, आणि टेबलावर पाच ड्वॉर्फ. हे जमलं ते नोरीचा पहिल्या फेरीतला रिसोर्स राखून ठेवल्यामुळे. तो टेस्ट ऑफ विलवर गेला असता तर पाचवा एक फेरी लांबला असता. फेरीअखेर २८.

तिसरी फेरी. ओरी आता दर फेरीला जादा पान देणार. डाइनचा एक आणि स्ट्युअर्डचे दोन मिळून फिली, मागोमाग डेकमधून किली. ओरीच्या दोघांत हॅमरस्मिथ. थ्रेट २६. आठ ड्वॉर्फ खाली, आणि ट्रोल अजून चार पायऱ्या लांब. नुकताच खेळलेला अलाय त्याच फेरीत क्वेस्टला जाऊ शकतो, त्याला थांबावं लागत नाही.

सगळे डाव इतके सरळ जात नाहीत हे उघड आहे. क्वेस्टला माणसं आधी पाठवायची असतात आणि एन्काउंटरचं पान नंतर उघडतं, त्यात कमी पडलात तर फरकाइतका थ्रेट चढतो. म्हणून स्टेजिंग एरियातल्या (उघडलेली एन्काउंटर पानं मांडतात त्या जागेतल्या) थ्रेटहून तीनेक विलपॉवर जास्तच पाठवावी, असं माझं मत. नेमकं मोजून पाठवण्याची चैन या डेकला पाचवा ड्वॉर्फ येईपर्यंत परवडत नाही.

ट्रोल पाडताना

ट्रोलसमोर अलाय बळी देऊन वेळ काढता येईल असं वाटतं, पण त्याच्या कार्डावर एक खोच आहे. बळी जाणाऱ्याच्या हिट पॉइंटहून जास्त झालेलं नुकसान थ्रेटमध्ये जमा होतं. हॅमरस्मिथने अडवलं तर सहातून एक डिफेन्स वजा जाऊन पाच नुकसान, त्याचे हिट पॉइंट तीन, म्हणजे तो गेलाच आणि वर थ्रेट दोनाने चढला. एक हिट पॉइंटवाला पुढे केलात तर आणखी वाईट.

यासाठी स्नीक अटॅक आणि गँडाल्फ. एका लीडरशिप रिसोर्समध्ये कॉम्बॅट फेजच्या सुरुवातीला गँडाल्फ खाली येतो, येताच ट्रोलला चार नुकसान करतो, आणि मग चार डिफेन्सने हल्लाही अडवतो. फक्त दोन लागतात. फेज संपली की तो हातात परत, पुढच्या वेळेसाठी. (शॅडो कार्ड, म्हणजे हल्ल्याच्या वेळी शत्रूला मिळणारं छुपं पान, काय निघेल ते कुणी सांगावं, पण गँडाल्फचे हिट पॉइंट चार आहेत.) ट्रोलचे उरले पाच, त्यात डिफेन्स तीन मिळवा, म्हणजे आठ अटॅक हवा. डाइन उभा असताना ओरीचा तीन, नोरीचा दोन, हॅमरस्मिथचा दोन, इथेच सात झाले. आणखी एक ड्वॉर्फ लागेल, रेकॉर्ड कीपर सोडून कुणीही, कारण त्याला हल्ला करता येत नाही. मात्र हे सगळे उभे हवेत. म्हणून ज्या फेरीत ट्रोल घ्यायचा ठरवाल, त्या फेरीत त्यांना क्वेस्टपासून मागे ठेवा. क्वेस्टमध्ये दोन-तीन थ्रेट चढला तरी चालेल, नोरी तो पुढे उतरवेल. ट्रोलची वाट बघत बसण्यापेक्षा तयारी झाली की स्वतःहून त्याच्याशी एंगेज व्हा, म्हणजे त्याला अंगावर घ्या. वेळ आपण ठरवलेली बरी.

टेस्ट ऑफ विल कशासाठी राखायची

हे पान एन्काउंटर कार्डाचा ‘व्हेन रिव्हील्ड’ परिणाम रद्द करतं. हातात असलं की पहिल्याच त्रासदायक पानावर वापरायचा मोह होतो. डोल गुल्डुर ऑर्क्स उघडले की क्वेस्टला गेलेल्या एकाला दोन नुकसान, ते हॅमरस्मिथवर घ्या आणि पुढे चला. टेस्ट ऑफ विल राखायची ती नेक्रोमॅन्सर्स रीचसाठी: आडव्या झालेल्या प्रत्येकाला एक नुकसान. सात ड्वॉर्फ क्वेस्टला पाठवल्यावर हे पान उघडलं तर एक हिट पॉइंटवाले सगळे एकदम गेले, आणि पाचाचा आकडाही गेला. हार्डी लीडरशिप खाली असेल तर सगळे वाचतात. दोन्हींपैकी एक तरी तयार ठेवल्याशिवाय सगळी फौज पाठवू नका.

अ व्हेरी गुड टेलबद्दल थोडक्यात: दोन अलाय आडवे करायचे, डेक पिसून वरची पाच पानं टाकायची, आणि त्यांतले दोन अलाय फुकट खाली ठेवायचे, पण त्यांची एकूण किंमत आडव्या केलेल्यांच्या किमतीहून जास्त नको. फिली-किलीने वापरलात तर सहापर्यंतची मुभा. ५० त २३ अलाय असल्याने पाच पानांत सरासरी दोनहून जास्त अलाय निघतात. ज्या फेरीत क्वेस्टची निकड नाही त्या फेरीतच हे करावं.

दुसरा खेळाडू असेल तर

युनिक कार्डाची टेबलावर एकच प्रत चालते, सगळ्यांमध्ये मिळून. स्ट्युअर्ड, गँडाल्फ, डाइन हे सगळे युनिक. खेळ सुरू व्हायच्या आधी कोण काय घेणार ते बोलून ठरवा. हातातली पानं वाचून दाखवायला नियमाने बंदी आहे, बाकी चर्चा कितीही करा. सगळ्यांच्या चाली स्वतःच सांगणारा एक जण प्रत्येक गटात असतो, त्याच्या हातात ड्वॉर्फ डेक दिला की तो मोजणीत गुंततो, असा अनुभव आहे. डाइनचं बळ जोडीदाराच्या ड्वॉर्फांनाही मिळतं. पण दोन ड्वॉर्फ डेक एकमेकांची पानं अडवतात. जोडीला लेगोलससारखा टॅक्टिक्सचा, लांबून मारणारा डेक असेल तर आपला डेक निवांत क्वेस्ट करतो आणि डाइनवर हल्ले अडवायची पाळीच कमी येते.

कोअर सेटमधल्या तिसऱ्या डावात, ‘एस्केप फ्रॉम डोल गुल्डुर’मध्ये, सुरुवातीलाच एक हिरो यादृच्छिकपणे कैदेत जातो. तो डाइन निघाला तर तिघांपैकी नेमका तोच गेला, ज्याच्यावर अर्ध्या डेकची अटॅचमेंट लागणार होती. एकट्याने हा डाव या डेकने खेळू नका. दोघे असाल तर लाँगबिअर्ड ऑर्क स्लेअर तीन करा, हार्डी लीडरशिप एक कमी करा, आणि स्ट्युअर्ड दुसऱ्या खेळाडूच्या डेकमध्ये द्या (त्याच्या जागी दुसरी तीन पानं घालून पन्नास पूर्ण करा), म्हणजे डाइन आत असला तरी रिसोर्सचा झरा बाहेर राहील.